आनेझाच्या भिंतीचा रंग

लिनार्दोस चित्रं काढत नाही, कोरा कागद चौकटीत घालून लोकांच्या गळ्यात मारतो, असं बेटावरच्या कास्त्रेली गावाचं ठाम मत होतं. आणि गावाचं अगदीच चुकत होतं असंही नाही.

जलरंगाची रीतच तशी. पांढरा रंग म्हणून काही लावायचा नसतो. जिथे पांढरं हवं तिथे कागद तसाच सोडायचा, तिथे कुंचला फिरकू द्यायचा नाही. एकदा का कागदाला रंगाचं पाणी लागलं की ते पांढरं गेलं ते गेलंच. आता दुसऱ्या एखाद्या गावात हे खपून गेलं असतं. पण कास्त्रेलीत घरं पांढरी, पायऱ्या पांढऱ्या, देवळाचा घुमट पांढरा, झाडांच्या बुंध्यांना पांढरे पट्टे, एवढंच काय, गल्लीतल्या फरशीच्या सांध्यांनाही चुना. त्यामुळे लिनार्दोसच्या चित्रात वर निळं आभाळ, खाली निळा समुद्र, चारदोन निळी दारं, जिन्याखालची जराशी सावली आणि एक मांजर एवढंच असायचं. बाकी सगळा कागद.

"काका, यात माझं दुकान कुठाय?" कॉफीचं दुकान चालवणारा पांदेलिस दर वेळी विचारायचा.

"ते काय, मधोमध."

"मधोमध तर काहीच नाही."

"तेच तुझं दुकान."

"मग बरोबर आहे," पांदेलिस गिऱ्हाइकांकडे वळून म्हणायचा, "हिवाळ्यात धंदा असाच असतो."

नवं चित्र आधी पांदेलिसच्या दुकानात आठवडाभर टांगायचं, गावानं त्याची मनसोक्त टिंगल करून घ्यायची आणि मग ते ज्याचं त्याला द्यायचं, असा रिवाजच पडून गेला होता. लिनार्दोस त्यावर हसायचा. बोलायचा मात्र नाही. उभा जन्म त्यानं जहाजांवर रेडिओ सांभाळला. जगातल्या निम्म्या बंदरांशी टिकटिक करून बोललेला हा माणूस, पण समोर हाडामांसाचं माणूस आलं की त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. लग्नही त्यामुळेच राहून गेलं असं लोक म्हणत. लोक काय, काहीही म्हणतात, पण या बाबतीत त्यांचं बरोबर होतं.

त्याच्या गच्चीसमोर, ओझं लादलेलं गाढव जेमतेम जाईल एवढी गल्ली सोडून, आनेझाचं घर होतं. आनेझा विधवा, त्याच्याच वयाची, लहानपणी एकाच बाकावर बसून दोघांनी मार खाल्लेला. तिची जीभ म्हणजे कात्री. दरवर्षी ईस्टरच्या आधी सगळं गाव चुना काढायला लागलं की आनेझा चुन्यात चिमूटभर नीळ घालून आपलं घर लखलखीत करायची आणि बादलीच्या तळाशी उरलेला चुना समोर लिनार्दोसच्या भिंतीला फासून टाकायची.

"तुला हात नाहीत का?" ती खालून ओरडायची. "माझ्या खिडकीतून तुझं तोंड बघावं लागतं तेवढं पुरे आहे. भिंत तरी धड दिसू दे!"

 दुसऱ्या दिवशी लिनार्दोसनं कड्यावरून खुडून आणलेली केपरच्या झुडपाची आंबटसर बोंडं, नीट निवडून, बरणीत मिठात घातलेली, तिच्या उंबऱ्यावर ठेवलेली असत. बरणी कुणी ठेवली हे ती कधी विचारत नसे, आणि धुतलेली रिकामी बरणी परत त्याच्या पायरीवर यायची.

यंदा मात्र घडी विस्कटली. आनेझाचे गुडघे हिवाळाभर कुरकुरत होते, आणि समुद्रापलीकडे पिरेउस शहरात राहणारी तिची मुलगी आर्गिरो हिनं एकदाचा निकाल लावला: ईस्टर झाला की आई माझ्याकडे, कायमची. घराला लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे, पायऱ्यांची कटकट नाही. आणि आनेझा, जिनं आजवर कुणाचं एका झटक्यात ऐकल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं, ती चक्क हो म्हणाली.

लिनार्दोसला हे पांदेलिसकडून कळलं. त्यानं कॉफी अर्धी टाकली, घरी जाऊन स्वच्छ सदरा घातला आणि गल्ली ओलांडून आनेझाच्या दारात उभा राहिला.

"पिरेउसला लिफ्ट असते म्हणे," तो म्हणाला.

"असते," आनेझा म्हणाली.

"बरं असतं."

"बरंच असतं."

तिनं हात फडक्याला पुसले. मग म्हणाली, "आणखी काही?" त्यानं नाही म्हणून मान हलवली आणि तो घरी परत आला. सदरा काढताना त्यानं स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या सात समुद्रांवर गोळा केलेल्या होत्या. ती गेल्यावर समोरची खिडकी रोज बंद दिसणार होती, आणि ते त्याला नको होतं. पण नको म्हणून तोंडावाटे सांगायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

मग त्यानं ठरवलं, तिला तिच्या घराचं चित्र द्यायचं. पिरेउसच्या त्या घरात भिंतीवर राहील. तोंडानं जमत नाही ते हातानं सांगू.

ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा लागला. गल्लोगल्ली चुन्याचा तो ओला, नाकात चढणारा वास. आनेझा मात्र हाताची घडी घालून बसली होती. "मी कोणासाठी चुना काढू?" ती म्हणायची. "पालींसाठी?"

लिनार्दोसनं गच्चीत स्टूल मांडलं, कागद फळीला चिकटवला, पेल्यात पाणी घेतलं आणि समोर पाहिलं. पाहतच राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. आयुष्यभर तो चित्रासाठी सगळं बेट पायाखाली घालत होता, आणि हे रोज डोळ्यांसमोर होतं.

पावसाळी हिवाळ्यानंतर त्या भिंतीला नवा चुना लागला नव्हता. खिडकीच्या लोखंडी कडीखाली गंजाचा एक ओघळ उतरला होता, वर तांबूस, खाली येता येता मधासारखा. पन्हाळीजवळ शेवाळाचा हिरवा. जिथे पापुद्रे निघाले होते तिथे खालच्या जुन्या चुन्यांचे थर दिसत होते, कुठला निळसर, कुठला पिवळट, आनेझाच्या एकेका वर्षाचा एकेक. आणि या सगळ्यावर सकाळच्या सावलीचा जांभळा हात फिरलेला. बिचाऱ्याला जन्मभर भिंत म्हणून नुसता कागद सोडावा लागला होता. आज पहिल्यांदा भिंत रंगवायला मिळत होती. भुकेल्या माणसानं ताटावर बसावं तसा तो बसला. कागद ओला केला, त्यात जांभळा सोडला, त्यात गेरू पसरू दिला, हिरव्याला हळूच बोट लावलं. उन्हं डोक्यावर आली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण गुणगुणत होतो.

त्याच्या हातून उतरलेलं ते सगळ्यांत चांगलं चित्र होतं. आणि तो खुळा, आनंदाच्या भरात, रिवाजाप्रमाणे ते पांदेलिसच्या दुकानात टांगून आला.

कुणी टिंगल केली नाही. तिथेच त्याला कळायला हवं होतं. सोंगट्या खेळणाऱ्यांच्या फाशांचा आवाज थांबला, कुणीतरी खोकलं, आणि पांदेलिस हातातलं फडकं पिळत चित्राजवळ आला.

"काका, हे काय केलंत?"

"आनेझाचं घर."

"ते कळलं हो. आजवर अख्ख्या गावाची घरं कोरी सोडलीत, माझं दुकान कोरं सोडलंत, त्या आळशी स्त्रातिसचं खुराडं कोरं सोडलंत, आणि नेमकी तिचीच भिंत मळवलीत?"

"मी कुठे मळवली? ती तशीच आहे!"

"तशी आहे हे तिला माहीत आहे, आम्हाला माहीत आहे, देवाला माहीत आहे. चित्रात कशाला घालायची?"

ईस्टरला भिंत पांढरी नसली तर कास्त्रेलीत त्याचे दोनच अर्थ होतात: घरात कुणी गेलंय, नाहीतर घरातली बाई कामातून गेलीय. भिंत तरी पुढच्या वर्षी पांढरी होते. चित्रातली भिंत जन्मभर मळकीच राहणार. लिनार्दोसच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या डोक्यात नुसता जांभळा होता.

"पुसा," पांदेलिस म्हणाला.

"पुसता येत नाही. पाणी लागलं की गेलं."

"मागे अर्धी बादली चुना आहे. दोन बोटं वरून फिरवू का?"

"चित्राला हात लावलास तर हात राहणार नाही," लिनार्दोस म्हणाला. एवढं सलग वाक्य त्याच्या तोंडून ऐकून दुकानातल्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

गुरुवारी आनेझा आली. ईस्टरची अंडी रंगवून तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते. कुणी सांगितलं कोण जाणे, पण अशा वेळी सांगणारे पुष्कळ असतात. ती चित्रासमोर उभी राहिली. लिनार्दोस कोपऱ्यात कपाच्या तळाशी बुडून जाता येईल का ते बघत होता. सगळं दुकान आता वीज पडणार म्हणून कान झाकायच्या तयारीत होतं.

पण ती ओरडली नाही. "दाराचा निळा बरोबर आलाय," ती म्हणाली. मग गंजाच्या ओघळाकडे बोट केलं. "हा मी रोज बघते. मला वाटायचं फक्त मीच बघते."

आणि ती निघून गेली. ती चार शिव्या देऊन गेली असती तर लिनार्दोस बरा झोपला असता.

शुक्रवारी संध्याकाळी फुलांनी सजवलेली ख्रिस्ताची तिरडी गल्लीतून गेली. आनेझा धूपदाणी घेऊन दारात उभी होती. पाद्र्याकडे बघून तिनं मान लववली, स्त्रातिसकडेसुद्धा बघितलं. मेणबत्ती धरून चाललेल्या लिनार्दोसकडे मात्र तिची नजर अशी गेली की जणू तो कोरा कागद होता.

शनिवारी सकाळी तो जागा झाला तो खरखर आवाजानं. गच्चीत येऊन पाहतो तर आनेझा शिडीवर. अंगात मेलेल्या नवऱ्याचा सदरा, डोक्याला फडकं, आणि त्या कुरकुरत्या गुडघ्यांनिशी चौथ्या पायरीवर उभी राहून ती भिंतीचे पापुद्रे खरवडत होती. खाली चुन्याची बादली, वेळूला बांधलेला कुंचा. लिनार्दोस पटकन जिरेनियमचं झाड लावलेल्या डब्यामागे बसला.

खाली हळूहळू गाव जमलं. कुणी कोकराचं मटण घेऊन चाललं होतं, कुणी बिस्किटांचा ट्रे भट्टीवरून आणत होतं, पण पाय सगळ्यांचे तिथेच अडखळले.

"आनेझामावशी," पांदेलिसनं विचारलं, "मंगळवारच्या बोटीनं जाणार ना?"

"जाणार."

"मग चुना कोणासाठी?"

"त्या चित्रासाठी!" ती वरून कडाडली, आणि गावाला हायसं वाटलं, कारण ही आपली ओळखीची आनेझा होती. "मी गेले तरी ते तिथे टांगलेलं राहणार. येणारा-जाणारा म्हणणार, बघा, ही बया घाण मागे टाकून गेली. मी त्याला खोटं पाडणार! त्याला म्हणावं, डोळे धू, आणि नवं काढ. पांढरंशुभ्र. ते हातात पडल्याशिवाय मी बोटीवर पाय ठेवत नाही."

जिरेनियमचा डबा हलला. पांदेलिसनं तो पाहिला आणि मिशीतल्या मिशीत हसला.

दुपारच्या बोटीनं आर्गिरो आली, बगलेत घडी केलेली खोकी घेऊन. सामान बांधायला आली होती बिचारी. आईला शिडीवर पाहून तिनं खोकी तिथेच टाकली.

"आई! गुडघे!"

"गुडघे कामात आहेत. नंतर ये."

"परवा-तेरवा घर बंद करायचंय, आणि तू चुना काढतेस?"

मग सगळ्या गल्लीनं मिळून तिला हकीकत सांगितली, प्रत्येकानं आपापलं मीठमसाला घालून. आर्गिरो समजूतदार मुलगी. तिनं सगळं ऐकून घेतलं, आईकडे पाहिलं, आईच्या लाल-पांढऱ्या हातांकडे पाहिलं, मग मान वर करून गच्चीकडे पाहिलं.

"लिनार्दोसकाका, त्या झाडामागून बाहेर या. खाली या."

लिनार्दोस खाली आला. त्याच्या कुंचला धरणाऱ्या बोटांना अजून जांभळा लागलेला होता.

"मला एकच सांगा," आर्गिरो म्हणाली. "पांढऱ्या भिंतीचं चित्र काढायला किती वेळ लागतो?"

सगळ्यांचे डोळे लिनार्दोसकडे वळले. कारण उत्तर काय द्यायला हवं हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, मटणवाल्यालासुद्धा. आर्गिरोच्या मागे उभा राहून पांदेलिस दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवत होता, दहा, वीस, तीस, महिने म्हणा, वर्षं म्हणा. एवढं एक खोटं बोलायचं होतं. देवानंही त्या दिवशी कानाडोळा केला असता. ख्रिस्त अजून थडग्यात, त्यामुळे देवाचं दुसरीकडे लक्ष असण्याचाच तो दिवस.

"चुना वाळायला हवा," लिनार्दोसनं सुरुवात केली. "ओला असतो तेव्हा पांढरा दिसत नाही. मग दुसरा हात द्यावा लागतो."

"बरं. ते झालं. मग चित्राला किती?"

"उजेड तसा यावा लागतो."

"काका."

त्यानं जमिनीकडे पाहिलं. मळक्या भिंतीलाही ज्याला पांढरं म्हणता आलं नाही असा तो माणूस. "काहीच लागत नाही," तो म्हणाला. "पांढरी भिंत काढायचीच नसते. कागद तसाच सोडून द्यायचा. झालं."

गल्लीतून एक सुस्कारा गेला. पांदेलिसनं वर धरलेले दोन्ही हात कपाळावर मारून घेतले.

वर आनेझाचा कुंचा थांबला होता. "ऐकलंस ना?" ती मुलीला म्हणाली, पण आवाजातली कात्री कुठे गेली होती कोण जाणे. "तेवढंच आहे ते. मंगळवारची बोट मिळेल."

तिनं पाठ फिरवली आणि भिंतीवर उगाच एकाच जागी कुंचा फिरवत राहिली. लिनार्दोसनं ती पाठ पाहिली. नवऱ्याचा सदरा खांद्यावर सैल झालेला.

"मी तुला लाजवायला नाही काढलं ते," तो म्हणाला. "मला ती भिंत सुंदर दिसली. तू दरवर्षी पांढरी करायचीस, आणि मी दरवर्षी कागद सोडून मोकळा व्हायचो. कधी बघितलीच नाही. यंदा बघितली. तो गंज, ते पापुद्रे, त्यात तू सगळी दिसतेस. भिंत पांढरी असू दे, काळी असू दे, मला काही नाही. पण खिडकी उघडली की समोर तू पाहिजेस. लिफ्ट बरी असते हे मी म्हणालो ते खोटं होतं. जाऊ नकोस, आनेझा."

एवढं तो गेल्या दहा वर्षांत मिळून बोलला नसेल. कुणाच्या तरी हातातला बिस्किटांचा ट्रे कलंडला आणि कुणी उचलायला वाकलं नाही.

आनेझा सावकाश वळली. तिच्या गालावर चुन्याचे ओघळ होते, आणि ते चुन्याचेच होते असं तिनं नंतर सगळ्यांना निक्षून सांगितलं.

"एवढं बोलण्यासाठी मला शिडीवर चढवलंस?" ती म्हणाली. "दारात उभा होतास तेव्हा जीभ काय मिठात घातली होतीस, केपरबरोबर? माझे गुडघे, गाढवा!"

"आई, पण लिफ्ट..." आर्गिरो म्हणाली, तिलाही एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं.

"लिफ्टमध्ये मी कोणाशी भांडू? आरशाशी?" आनेझा एकेक पायरी कण्हत खाली उतरली. "उन्हाळाभर ये तू, पोरांना घेऊन. हिवाळ्यात मी येईन तुझ्याकडे, महिनाभर, दवाखाना बघायला. गुडघ्यांचं म्हणशील, तर शिडीवर चढायला आता माणूस मिळालाय." तिनं खोक्यांकडे पाहिलं. "ती खोकी पांदेलिसला दे. त्याच्या दुकानात नाहीतरी काही नसतं. आणि पांदेलिस, ते चित्र उतरव आणि माझ्या घरात आण. पलंगासमोर लाव. बाहेर कुणाला दिसता कामा नये."

मग तिनं कुंचा लिनार्दोसच्या हातात दिला.

आयुष्यात कधी कशाला पांढरा रंग न लावलेला तो माणूस शिडीवर चढला. गाव घरी जायचं विसरलं. त्यानं कुंचा बादलीत बुडवला, काठाला निपटला आणि असा हळुवार फिरवायला लागला, जणू भिंतीला गुदगुल्या होतील. खिडकीची कड त्यानं केसभरही न चुकता राखली. खिडकीच्या कडीपर्यंत आला, आणि तिथे हात आपोआप थांबला. कडीखालचा तो गंजाचा ओघळ, आणि त्याच्या शेजारी जुन्या चुन्याचा तळहाताएवढा निळसर तुकडा, त्यानं अलगद वगळला आणि पुढे गेला.

"ए!" खालून आनेझा ओरडली. "तिथे काय सोडलंस?"

"एवढं राहू दे ना."

"आत चित्रात आहे तेवढं पुरे. भर तो." कमरेवर हात ठेवून ती मान वर करून उभी होती. "हा कागद नाही, लिनार्दोस. इथे पांढरं हवं असेल तर हात चालवावा लागतो."

लिनार्दोसनं कुंचा पुन्हा बादलीत बुडवला.